पहिल्या शब्दाचा मान

कोंडसडे, ता. राजापूर
१२ डिसेंबर १९९९

चि. वरद,

मामाचे आशीर्वाद. तुमच्या कंपनीचं छापील पत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं आहे. खाली ‘पर्यावरण विभाग, संपर्क’ म्हणून तुझं नाव आहे, तेव्हा त्यातल्या चुका मी तुझ्याच धरतो. कमळाताईला मात्र एवढंच सांग, की तुझ्या लेकाचं नाव गावच्या फळ्यावर लागलं. ती खूश होईल.

पहिली चूक. ‘खडकाळ पडीक सडा.’ सडा म्हणजे आपलं कातळाचं पठार, ते खडकाळ आहे, पडीक नाही. आषाढापासून दिवाळीपर्यंत अख्ख्या गावाची गुरं त्याच्यावर चरतात. दुसरी चूक. ‘तेलविहीर.’ तेल अजून कोणी पाहिलेलं नाही, म्हणून सध्या त्याला भोक म्हणावं. जीपमधून आलेल्या साहेबाला मी विचारलं, की जांभ्याखाली काळा पाषाण, मग तेल कुठं बसलंय? ते म्हणाले, पाषाणाच्याही खाली जुन्या गाळाचे थर असावेत असा तर्क आहे. मी आणखी दोन प्रश्न विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘आपलं शिक्षण?’ म्हटलं, ‘राजापुरात सातवीपर्यंत. पुढचं रद्दीच्या दुकानात.’ ते हसले. मी विनोद केला नव्हता.

तिसरी चूक ही चूक नव्हे, घात आहे. भोक पाडताना निघणारा चिखल आत्मारामाच्या काजूबागेच्या वरच्या जुन्या चिरेखाणीत साठवणार असं लिहिलंय. ती खाण तू पाहिली आहेस, तिथं तू पोहायला शिकलास. तिच्या बरोबर खाली पावणाईचा झरा आहे. गावातल्या विहिरी मार्चात तळ दाखवतात, प्यायला-रांधायला झरा बारा महिने, मे महिन्यात तर सगळं गाव त्याच्यावरच जगतं. खाण आणि झरा आतून एक आहेत. तू लहान असताना मूर्तिकारानं गणपतीच्या पितांबराचा उरलेला पिवळा रंग खाणीत ओतला होता, आणि चार दिवसांनी झरा पिवळा झाला. बायका म्हणाल्या, देवीनं हळद दिलीन. सगळ्यांनी मळवट भरले. तुझ्या मामीनंही भरला. मी सांगत होतो की हा रंग आहे, तर मला म्हणाली, ‘तुम्हाला देवीचं कायच बघवत नाय.’

भोक कुठंही पाडा. खड्डा तेवढा हलवा.

महिपतमामा

*

मुंबई
२२ डिसेंबर १९९९

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. रद्दीच्या दुकानावर ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

पत्रकातला मजकूर माझा नाही, नाव माझं आहे. नोकरीत असंच असतं. पण खड्ड्याचं तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. चिखलात माती, पाणी, क्षार आणि थोडं डिझेल असतं. खाली जाड काळं प्लास्टिक अंथरणार आहेत. ते जांभ्याच्या धारदार कडांवर किती टिकेल हे मी वर विचारलं. उत्तर आलं की खाण आयती आहे, दुसरीकडे खड्डा खणायला कातळ फोडावा लागेल.

आता नीट वाचा, आणि हे माझ्याकडून कळलं असं कुठंही म्हणू नका. नव्या नियमाप्रमाणे परवानगीआधी तुमच्याच गावात जनसुनावणी होईल. तिथं जो माणूस उभा राहून बोलेल त्याचं बोलणं सरकारी कागदावर चढतं. कोणी नुसतं एवढं म्हणालं की ह्या खाणीखाली पिण्याच्या पाण्याचा झरा आहे, की परवानगीत अट घालावीच लागेल. मग मला आतून खड्डा हलवता येईल. कोणी बोललं नाही, तर मी काहीही करू शकत नाही. लेखीही देता येतं, सुनावणी संपेपर्यंत.

तेव्हा मामा, बोला. तुमच्याइतकं नेमकं कोणाला बोलता येणार आहे?

वरद

*

कोंडसडे
६ फेब्रुवारी २०००

चि. वरद,

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. मामीला वाटलं, भाच्यानं काही वेडंवाकडं लिहिलं.

तू म्हणतोस, मामा बोला. शहरात तसं असेल. इथं गावाचं बोलणं गाव बोलतं. झरा पावणाईचा, म्हणजे गावाचा. मी एकट्यानं अर्ज दिला तर तो महिपतचा अर्ज, आणि महिपत कोण? माझे आजोबा मंडणगडाकडून घरजावई म्हणून आले. तिसरी पिढी झाली, तरी आम्हाला ‘आलेले’च म्हणतात. मला त्याचं दुःख नाही. गावातला प्रत्येक पंप मी दुरुस्त करतो, पण देवळात माझी जागा खांबाच्या मागे आहे. ती मला ठाऊक आहे.

म्हणून देवळात बैठक लावली. गुरवानं कौल लावला, खड्ड्याला हरकत घ्यावी काय? देवीनं उजवी पाकळी दिली, म्हणजे होकार. मग मी खांबामागून पुढं येऊन सगळं समजावलं. पिवळ्या रंगाचंही सांगितलं. म्हाताऱ्या जनीनं मला जाहीर शिव्या घातल्या, पण ऐकून घेतलं. निवेदन मी लिहायचं ठरलं. पहिलं वाक्य असं अख्ख्या बैठकीनं पसंत केलं: ‘कोंडसडे गावात पावणाईचा झरा नावाचा जिवंत झरा आहे.’ मुद्दाम असं लिहिलं. आधी तो आहे हे त्यांच्या कागदावर चढू दे.

वाचायचं देवीपुढच्या गाऱ्हाण्यासारखं. मानकरी एक वाक्य म्हणणार, आणि सगळं गाव म्हणणार, ‘व्हय महाराजा!’ साहेब लोकांना एका माणसाची नव्हे, तीनशे माणसांची हरकत लिहावी लागेल. आहे की नाही?

एकच गोष्ट राहिली आहे. वाचायचं कोणी? वरच्या वाडीचा आत्माराम की खालच्या वाडीचा बाबू? देवदिवाळीला झऱ्यावरून देवीच्या स्नानाची कळशी कोणी उचलायची आणि गाऱ्हाण्याचा पहिला शब्द कोणाचा, ह्याचा दावा राजापूर कोर्टात बारा वर्षं पडून आहे. तोवर दोन्ही कामं गुरव करतो. मी म्हटलं, ह्यालाही कौल लावा. तर बाबू म्हणाला, ‘मानाचं देवीला विचारायचं नाय. ता कोर्टात हाय.’

ठरेल. अजून पंधरवडा आहे. निवेदन माझ्या खिशात तयार आहे.

मामा

*

मुंबई
२७ फेब्रुवारी २०००

ती. मामा,

सुनावणीत मी व्यासपीठावर डावीकडून शेवटच्या खुर्चीत होतो. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. तुमच्या सदऱ्याच्या खिशातून कागदाचं टोक दिसत होतं.

मला फक्त एवढं सांगा, की तुम्ही उठला का नाहीत? आपण एकमेकांकडे बघत होतो. मामा, एक वाक्य होतं.

वरद

*

कोंडसडे
११ मार्च २०००

चि. वरद,

झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण तू वर बसला होतास आणि तुला अर्धंच दिसलं.

साहेब म्हणाले, ‘ग्रामस्थांपैकी कोणाला काही मांडायचं असल्यास पुढे या.’ आत्माराम उठला. मी निवेदन काढून त्याच्या हातात देणार, एवढ्यात बाबूनं मागून त्याचा सदरा धरलान.

‘बस खाली. पयला शब्द कोणाचा?’

‘सोड मेल्या. साहेबाच्या म्होरं तमाशा नको.’

‘तमाशा तू मांडलास. आज तू बोललास, की उद्या तुझा वकील सांगणार, सरकारदरबारी पयला मान आत्मारामाचा झाला.’

‘मग काय तू बोलणार?’

‘मी नाय बोललो तर तू पण नाय.’

साहेब हसले. ‘तुमचं ठरवून या, आम्ही बसलोय,’ म्हणाले. त्यांना वाटलं दोन मिनिटांचं काम आहे. ते दोघे शाळेमागच्या जांभळीखाली गेले. वरची वाडी आपल्या माणसाला एकटं सोडीना, खालची आपल्या. आधी पुरुष, मग बायका. मंडप रिकामा झाला. पोलीस, मंडपवाला आणि मी.

मग साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटी माझ्याकडे बघून विचारलं, ‘आपल्याला काही म्हणायचंय?’

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी उठलो असतो आणि बोललो असतो, तर गाव जांभळीखालून परत येऊन काय म्हणालं असतं? दोघे भांडत होते तेवढ्यात ह्या ‘आलेल्या’नं पहिला शब्द मारला. ते निवेदन माझं नव्हतं, गावानं माझ्याकडे ठेवायला दिलेलं होतं. दुसऱ्याची वस्तू मी वापरत नाही. मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं, कारण त्यांनी विचारलं ‘आपल्याला’, आणि मला, महिपतला, काही म्हणायचं नव्हतं.

आणि तू? तुला झरा माहीत नव्हता? त्याचंच पाणी पिऊन तू दहावी झालास. माईक तुझ्या हाताशी होता. तू म्हणशील, मी कंपनीचा माणूस. मग मी गावाचा माणूस. तुला तुझी जागा आहे, मला माझी.

तुमच्या गाड्या वळल्या आणि जांभळीखालून गाव परत आलं. काय ठरवून आलं माहीत आहे? एक ओळ आत्मारामानं वाचायची, एक बाबूनं. पहिली कोणाची, ते जनी डोळे मिटून सांगणार. बारा वर्षांत पहिल्यांदा दोघे खांद्याला खांदा लावून चालत होते, हसत होते. बायकांनी पदर खोचून ‘व्हय महाराजा’ची तयारी केली होती. आणि मंडपवाला टेंपोत खुर्च्या भरत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी रत्नागिरी गाठली. सरकारी कार्यालयाच्या खिडकीतला कारकून सभ्य होता. त्यानं निवेदन पूर्ण वाचलं. म्हणाला, ‘काका, अक्षर सुंदर आहे. पण सुनावणी काल संपली.’

महिपत

*

मुंबई
१९ फेब्रुवारी २००१

ती. मामा,

वर्षभर तुम्हाला लिहायचं धाडस झालं नाही. आई विचारत राहिली, मी कामाचं कारण देत राहिलो.

बातमी चांगली म्हणावी अशी आहे. भोक कोरडं निघालं. तुमचाच शब्द वापरतो. कंपनी मनोरा उतरवून सामान हलवते आहे. पुढं तिथं काहीही होणार नाही. खाणीतला चिखल मातीनं झाकून टाकला आहे, मी फोटो पाहिले. वर गवत येईल असं माती पसरवणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं आहे.

मला आता अंकलेश्वरला पाठवत आहेत. मामीला सांगा, कोकमं संपली.

वरद

*

कोंडसडे
१४ ऑगस्ट २००१

चि. वरद,

फोटो कुठल्या बाजूनं काढले होते? पूर्वेकडून काढले असतील. गाडी तिथवर येते, म्हणून माती तिथवर पडली. पश्चिमेकडे अर्धी खाण उघडी आहे. प्लास्टिक कडांवर फाटून त्याच्या चिंध्या वाऱ्यावर उडतात. जून कोरडाच गेला. जुलैत खाण काठोकाठ भरली, आणि मी रोज झऱ्यावर जाऊन बसू लागलो. कशाची वाट बघत होतो ते मला ठाऊक होतं. पिवळ्या रंगाच्या वेळी कोणी वाट बघत नव्हतं.

पहिल्यांदा गुरांना कळलं. झऱ्याखालच्या पऱ्याला, ओहोळात पाणी प्यायला उतरलेली आत्मारामाची म्हैस वास घेऊन मागं फिरली. मग मामीचा भात शिजेना. ती माझ्यावर चिडली, तांदूळ जुने आणलेत म्हणून. मी पाणी तोंडात धरून बघितलं. खारट, आणि मागून पंपाच्या खोलीत येतो तो वास. आयुष्यभर डिझेलमध्ये हात आहेत, माझी चूक होणार नाही.

पाणी दिसायला स्वच्छ आहे. हेच वाईट आहे. गढूळ झालं असतं तर लोकांनी लगेच सोडलं असतं. आठ दिवस पीत राहिले. जनी तर आजही पिते. म्हणते, ‘देवीचं हाय, तिनं खारट दिलान तर खारट पियाचं.’ तिच्या पायांवर सूज आहे. डॉक्टर म्हणतात वयामुळं. असेल.

गावानं ह्या वेळी लेखी तक्रार केली. खाली आत्माराम आणि बाबू दोघांच्या सह्या आहेत, एकाच ओळीत, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. ओळ मी पट्टीनं आखून दिली. तू त्या नियमांच्या जगात आहेस, तेव्हा तक्रारीचं काय होतं ते बघ. एवढंच काम सांगतो.

मामा

*

अंकलेश्वर
२८ ऑक्टोबर २००१

ती. मामा,

तक्रारीचा मागोवा घेतला. ओळखीच्या माणसाकडून फाइल बघायला मिळाली. उत्तर तुम्हाला टपालानं येईलच, पण आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

तपासणीला येण्याआधी सरकारी अधिकारी मूळ कागद बघतात. कंपनीच्या अहवालात झरा नाही. ज्यांनी अहवाल लिहिला ते मे महिन्यात झाडीत उतरलेच नव्हते. सुनावणीच्या वृत्तांतात झरा नाही. तिथं लिहिलंय, ‘उपस्थित ग्रामस्थास विचारणा केली असता काही म्हणणे नसल्याचे सांगितले.’ ग्रामस्थास, एकवचनी. म्हणून तक्रारीवर शेरा असा आहे, की सदर ठिकाणी पिण्याच्या पाण्याचा स्रोत असल्याची नोंद आढळत नाही, सबब बाधा झाल्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मी तिथल्या ज्येष्ठ साहेबांना फोन केला. म्हटलं, साहेब, मी त्या झऱ्याचं पाणी प्यायलोय. ते म्हणाले, ‘मग तेव्हा का नाही सांगितलं?’

कंपनीनं तुमच्याकडचं कार्यालय बंद केलं आहे. आता कोणाला लिहायचं ते मला माहीत नाही. मामीला माझा नमस्कार सांगा. तुम्हालाही करतो, पण तुम्ही तो घ्यावात असं मी म्हणू शकत नाही.

वरद

*

कोंडसडे
२७ नोव्हेंबर २००३

चि. वरद,

दोन वर्षं तुझं पत्र नाही. माझंही नाही. कमळाताईकडून कळलं की तुला मुलगी झाली, उर्वी नाव ठेवलंत. नाव चांगलं आहे. तिला इकडे आणू नकोस असं लिहिणार होतो, पण ते तुझं तू ठरव.

जनी मागच्या वैशाखात गेली. कशानं ते मी लिहीत नाही, कारण मला सिद्ध करता येणार नाही. खालच्या वाडीतली घरं एकेक करून मुंबईला जातात. फेब्रुवारीपासून टँकर येतो. झरा मात्र वाहतो आहे. आटला असता तर बरं झालं असतं. तीन पावसाळे गेले, दर वर्षी वाटतं धुऊन निघेल. उन्हाळ्यात थोडा गोड होतो, खाण भरली की पुन्हा तेच. माझा हिशेब असा की मी असेपर्यंत तो सुधारत नाही. हिशेब चुकावा अशी इच्छा आहे, पण चूक सापडत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. श्रावणात राजापूर कोर्टाचा निकाल लागला. आत्माराम जिंकला. कळशीचा मान त्याचा, पहिला शब्द त्याचा. त्यानं पेढे वाटले नाहीत. मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, ‘निकाल लागला रे महिपत,’ जणू कोणी आजारी असलेलं गेलं.

परवा देवदिवाळी झाली. गुरवानं तांब्याची कळशी झऱ्यावर भरून ठेवली. देवीला स्नान झऱ्याचंच लागतं, टँकरचं चालत नाही, मग पाणी कसंही असो. मागच्या दोन वर्षांत मुखवट्याच्या चांदीवर पांढरे डाग पडलेत, गुरव चिंचेनं घासतो. सगळं गाव, म्हणजे उरलेलं, गोळा झालं. आत्माराम पुढं झाला, कळशीला हात लावला आणि काढून घेतला.

‘बाबू, तू उचल.’

‘मी कशाला? कोर्टान तुला दिलान मान. उचल की.’

‘मी माझ्या हातानं देवीला ह्या पाण्यानं न्हाऊ घालू?’

‘मग मी घालू?’

‘तुला हवा होता ना मान? घे. मी सोडला. लिहून देतो.’

‘मला नको. तुझा तुझ्यापाशी ठेव.’

बाबू रडत होता. त्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. गुरव म्हणाला, ‘वेळ टळतेय, कोणीतरी उचला.’ कोणी हालेना. मग आत्मारामानं माझ्याकडे बघितलं. मग बाबूनं बघितलं. मी नेहमीसारखा कडेला होतो, पायरीच्या खाली.

‘महिपत, तू घे,’ आत्माराम म्हणाला.

‘व्हय, त्यालाच द्या,’ बाबू म्हणाला.

तिसऱ्या पिढीला मान मिळाला. मी कळशी उचलली. सांडू दिली नाही. देवळात खांब ओलांडून पुढं गेलो, देवीला स्नान घातलं. मग गाऱ्हाण्याची वेळ आली. कळशी ज्याची, पहिला शब्द त्याचा.

‘बोल,’ गुरव म्हणाला.

मला गाऱ्हाणं म्हणता येत नाही. आमच्या घरात कोणी कधी म्हटलेलं नाही. पाठ होतं ते एकच वाक्य. मी हात जोडून मोठ्यानं म्हटलं, ‘कोंडसडे गावात पावणाईचा झरा नावाचा जिवंत झरा आहे.’

आणि मागून सगळं गाव एका आवाजात म्हणालं, ‘व्हय महाराजा!’

महिपत